तसे काही लागत नाही

सर्व्हरवर चालणारे एखादे सॉफ्टवेअर लिहून पुरे झाले असे ज्या दिवशी ते लिहिणारे सद्गृहस्थ जाहीर करतात, त्या दिवशी आमच्या कचेरीत पेढे वाटले जातात, साहेब दोन शब्द बोलतात, टाळ्या होतात, आणि हा समारंभ आटोपून मंडळी आपापल्या घरी गेल्यावर, ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवरून उचलून ग्राहकाच्या सर्व्हरवर सुखरूप नेऊन बसवायचे कसे, या क्षुद्र प्रश्नाचा कागद माझ्या टेबलावर अलगद येऊन पडतो. मी पॅकेजे बांधणारा मनुष्य आहे. दुसऱ्याने लिहिलेले सॉफ्टवेअर लिनक्सच्या रीतीरिवाजाप्रमाणे एका फायलीत असे बांधून द्यायचे, की ग्राहकाने एक हुकूम सोडावा आणि ते बसावे, दुसरा हुकूम सोडावा आणि ते निमूटपणे उठून जावे, आणि मधल्या काळात नवी आवृत्ती निघाल्यास तिने जुनीच्या जागी कोणाच्याही झोपेत व्यत्यय न आणता रुजू व्हावे, एवढेच माझे काम. ते ऐकायला जितके निरुपद्रवी वाटते तितके ते असते, तर कचेरीतील इतर मंडळींनी ते माझ्यासाठी शिल्लक ठेवले नसते.

या पदावर माझी नेमणूक कोणत्या गुणामुळे झाली, हे सांगताना संकोच वाटतो. मेकफाईल नावाच्या फायलीत हुकुमाच्या ओळीआधी टॅबच द्यावी लागते, तितक्याच रुंदीच्या स्पेस देऊन भागत नाही, ही गोष्ट एका बैठकीत मी अभावितपणे बोलून गेलो. सभेत क्षणभर स्तब्धता पसरली, साहेबांनी माझ्याकडे प्रथमच कौतुकाने पाहिले, आणि बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या नावासमोर ‘पॅकेजिंग’ हा शब्द लिहिला गेला, तो त्यानंतर आलेल्या कोणत्याही साहेबाला पुसता आलेला नाही.

त्यापूर्वी आमचे सॉफ्टवेअर झिप फायलीतून जात असे. पतसंस्थांच्या ठेवी, कर्जे आणि दैनंदिन वसुली यांचा हिशेब ठेवणारे ते सॉफ्टवेअर, आणि त्याच्या सोबत जाणारे एक सूचनापत्र, ज्यात ‘ही फोल्डर तिथे टाकावी’, ‘ती फाईल गरजेप्रमाणे बदलावी’, ‘यानंतरची कृती नेहमीप्रमाणे करावी’ अशा, ज्याला अगोदरच सर्व ठाऊक आहे त्यालाच उमगतील अशा आज्ञा असत. एका पतसंस्थेच्या सर्व्हरची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी हे सूचनापत्र शांतपणे परत पाठवून खाली शेरा मारला : “आमच्याकडे डेबियन आहे. डेब पाठवा.” पाठोपाठ दुसऱ्या पतसंस्थेचे पत्र आले : “आमच्याकडे रेड हॅटच्या घराण्यातले लिनक्स आहे. आरपीएम पाठवा.” साहेबांनी दोन्ही पत्रांवर माझे नाव लिहिले आणि ते जेवायला गेले.

डेबियनची जन्मकथा मोठी भावुक आहे. इयन मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ साली तो प्रकल्प जाहीर केला, तेव्हा डेब्रा या आपल्या प्रेयसीच्या नावाला आपले नाव जोडून त्याने ही संज्ञा तयार केली. म्हणजे जगातील असंख्य सर्व्हर आज ज्या नावाने ओळखले जातात ते मुळात एका तरुणाने झाडाच्या खोडाऐवजी संगणकावर कोरलेले आहे. पुढे ब्रूस पेरेन्स हे त्या प्रकल्पाचे प्रमुख झाले. ते पिक्सार या चित्रपटसंस्थेत नोकरीला असल्याने, डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील पात्रांची, बहुतकरून खेळण्यांची, नावे देण्याचा जो प्रघात १९९६ मध्ये ‘बझ’पासून पडला, तो आजही निष्ठेने पाळला जातो. जी आवृत्ती अजून घडते आहे आणि कधीही बिघडू शकते, तिचे नाव मात्र कायमचे ‘सिड’, म्हणजे त्या चित्रपटांतील खेळणी मोडणारा शेजारचा कारटा. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ‘आपल्या ठेवींचा हिशेब सध्या बुकवर्म नावाच्या खेळण्यावर चालतो’ असे कोणी सभासदांना सांगितले नाही, हे एका परीने बरेच झाले.

खुद्द डेब फाईल उघडली तर आत तीनच वस्तू निघतात. पहिली एक चिमुकली फाईल, जिच्यात ‘२.०’ एवढाच मजकूर असतो आणि जी गेल्या शतकापासून तेवढेच सांगत आली आहे. दुसऱ्या गाठोड्यात दफ्तर, म्हणजे पॅकेजचे नाव, आवृत्ती, जबाबदार इसमाचा पत्ता आणि इतर तपशील. तिसऱ्या गाठोड्यात प्रत्यक्ष माल. मालाविषयी माझी काहीच तक्रार नाही. तो दुसऱ्याचा असतो. माझे आयुष्य खर्ची पडले आहे ते दफ्तरात, आणि दफ्तरातही एका ओळीत, जिच्या आरंभी ‘डिपेन्ड्स’ असे लिहून पुढे, हे सॉफ्टवेअर कोणाकोणाच्या आधारावर उभे आहे आणि त्या आधारांची कोणती आवृत्ती त्याला चालते, याचा कबुलीजबाब नोंदवावा लागतो. असा कबुलीजबाब राजीखुशीने देणारा प्रोग्रामर मला अद्याप भेटलेला नाही.

“तुमच्या सॉफ्टवेअरला काय काय लागते?” मी मुख्य प्रोग्रामरमहाशयांना विचारले.

“तसे काही लागत नाही.”

“तरी पण?”

“जावा असली म्हणजे झाले.”

“कोणती?”

“कोणतीही.”

“आठ चालेल?”

“आठ?” त्यांच्या मुद्रेवर कीव उमटली. “अहो, आठ आता कोण वापरते? सतरा.”

“मग अकरा?”

“सांगितले ना, सतरा! म्हणजे कोणतीही, फक्त सतराच्या पुढची.”

“आणि डेटाबेस?”

“तो काय, असतोच.”

जे ‘असतोच’ त्याची गणना माणूस आपल्या गरजांत करीत नाही, हे तत्त्व मला त्या दिवशी उमगले. आणि पुढे एक कोरा सर्व्हर उभारून, त्यावर ते सॉफ्टवेअर चालवून, ते कोठे कोठे कोसळते याचा पंचनामा करीत मी बसलो, तेव्हा ‘असतोच’ या सदरात मोडणाऱ्या वस्तूंची यादी ‘लागते’ या सदराच्या कितीतरी पट लांब निघाली. सर्व्हरला पडदा नसतो, सबब त्याच्यासाठी जावाचा ‘हेडलेस’, म्हणजे शब्दशः मुंडके नसलेला, अवतार घ्यावा अशी रीत आहे, आणि ती आम्ही पाळली. पण ज्याला पडदा नाही त्याच्यावर अक्षरांचे वळण, म्हणजे फॉन्ट, तरी कोण बसवणार? परिणामी एका पतसंस्थेत सकाळी पहिली पावती छापली गेली, तेव्हा रक्कम, दिनांक आणि खातेक्रमांक हे इंग्रजी आकड्यांत स्वच्छ उमटले, आणि ठेवीदाराचे नाव, पत्ता व ‘अक्षरी रुपये’ या जागी एकसारखे रिकामे चौकोन ओळीने उभे राहिले.

“पावतीवर सगळे डबे आलेत,” तिकडच्या व्यवस्थापकांचा फोन आला. “ठेवीदार विचारताहेत, आमचे पैसे कोणाच्या नावावर जमा केलेत?”

“माझ्या लॅपटॉपवर मराठी उत्तम दिसते,” प्रोग्रामरमहाशय म्हणाले. आणि ते खरेच होते, कारण धाकट्या भावाच्या लग्नपत्रिकेचा मसुदा करताना त्यांनी मराठी फॉन्ट केव्हाच बसवून घेतले होते आणि लग्नाबरोबर ते विसरूनही गेले होते. आमच्या सॉफ्टवेअरचे एक अवलंबित्व ते लग्न होते, ही गोष्ट दफ्तरात लिहिण्याची सोय नसल्याने, डेबियनमध्ये देवनागरी फॉन्टांचे ‘फॉन्ट्स-देवा’ नावाचे जे एकत्रित पॅकेज आहे ते मी यादीच्या शेवटी टाकले. आमची यादी तेव्हापासून इतकी लांबली आहे की वाचणाराही ‘देवा’ म्हणूनच थांबतो.

अवलंबित्वाच्या या ओळीत नुसती नावे देऊन भागत नाही. गरजेची तीव्रताही नोंदवावी लागते, आणि त्यासाठी डेबियनच्या धुरिणांनी जी प्रतवारी ठरवली आहे ती, ‘माझे काही नाही हो’ असे म्हणत घरी उतरणाऱ्या पाहुण्याचा स्वभाव बारकाईने न्याहाळल्यावाचून सुचलेली नसावी. ‘प्री-डिपेन्ड्स’ म्हणजे उंबऱ्यातच पाय धुवायला पाणी हवे. ते मिळाल्याखेरीज गृहस्थ आत येणार नाहीत. ‘डिपेन्ड्स’ म्हणजे आत येतील, सामान ठेवतील, पण जेवण वाढेपर्यंत एक शब्द बोलणार नाहीत. ‘रेकमेन्ड्स’ म्हणजे जेवणानंतर पान असले तर बरे. ते मागितले जात नाही, परंतु डेबियनवर पॅकेजे आणून बसवणारा ॲप्ट हा यजमान इतका अगत्यशील, की न मागताही ते आणून ठेवतो. ‘सजेस्ट्स’ म्हणजे गावात नाटक असल्याची सहज केलेली चौकशी, जिच्याकडे कोणीही लक्ष देत नाही. आणि ‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे, अमुक एक साडू या घरात उतरलेले असतील तर आम्ही येत नाही, असा दारातूनच दिलेला निरोप. प्रोग्रामरमहाशयांना ही प्रतवारी समजावून सांगितल्यावर त्यांनी बराच विचार करून सांगितले, की सर्व काही ‘सजेस्ट्स’मध्ये टाका, म्हणजे उगाच कोणाला भीड पडायला नको.

नावे आणि तीव्रता ठरल्यावर प्रश्न येतो आवृत्तीचा, आणि येथे माणसामाणसांतील स्वभावभेद अगदी उघडे पडतात. कमी, कमी किंवा बरोबर, बरोबर, जास्त किंवा बरोबर, आणि जास्त, अशी पाच चिन्हे डेबियनने उपलब्ध करून दिली आहेत. त्यांतली ‘कमी’ आणि ‘जास्त’ ही एकेरी न लिहिता जोडीने लिहावी लागतात, कारण पूर्वी एकेरी चिन्हाचा अर्थ ‘किंवा बरोबर’ असाही घेतला जाई आणि त्या घोटाळ्यातून सुटण्याचा हाच मार्ग उरला होता. प्रोग्रामर हा स्वभावतः उदार असतो. त्याला कोणतीही आवृत्ती चालते, कारण ती त्याला चालवावी लागत नाही. साहेब हा स्वभावतः सावध असतो.

“आपण चाचणी कोणत्या व्हर्जनवर केली?” साहेबांनी विचारले.

मी सांगितले.

“मग ‘बरोबर’चे चिन्ह टाका. तीच हवी. एक अंश इकडे नाही, एक अंश तिकडे नाही.”

सॉफ्टवेअरचा एक छोटा भाग सी भाषेत लिहिलेला होता आणि शाखाशाखांमधले दळणवळण सांकेतिक ठेवण्यासाठी तो ओपनएसएसएल या सुप्रसिद्ध ग्रंथालयावर विसंबून होता. त्याच्यापुढे साहेबांच्या आज्ञेने ‘बरोबर’चे चिन्ह आणि शेपटीपर्यंतची संपूर्ण आवृत्ती लिहिली गेली. काही काळाने डेबियनने त्या ग्रंथालयात सुरक्षेची दुरुस्ती करून नवी आवृत्ती पाठवली. ॲप्टने दफ्तर वाचले, आमची अट पाहिली, आणि ती मोडायची नाही म्हणून साऱ्या सर्व्हरची दुरुस्ती ‘मागे ठेवली’ या सदरात घालून निवांतपणे बाकीचे काम उरकले. पतसंस्थेचे लेखापरीक्षक येईपर्यंत याचा कोणालाच थांगपत्ता नव्हता.

“या सर्व्हरच्या कुलपाला भोक असल्याचे जाहीर झालेले असताना ते बुजवायला कोणी हरकत घेतली आहे?” त्यांनी लेखी विचारले.

हरकत आमच्या साहेबांनी घेतली होती. परंतु सही त्यांची नसून दफ्तरातील जबाबदार इसम म्हणून माझा पत्ता असल्याने खुलासा मला करावा लागला. त्यानंतर साहेबांचे मतपरिवर्तन इतक्या वेगाने झाले, की पुढच्या बैठकीत त्यांनी ‘जास्त किंवा बरोबर’ असा उदार हुकूम दिला आणि वरची मर्यादा घालण्याच्या माझ्या सूचनेला ‘संकुचित वृत्ती’ असे नाव ठेवले. पण ग्रंथालयात मोठा फेरबदल झाला की नुसता आकडा वाढत नाही, पॅकेजचे नावच बदलते; २०२३ साली बुकवर्म आले तेव्हा ‘लिबएसएसएल१.१’ नावाचे पॅकेजच जगातून नाहीसे होऊन तिथे ‘लिबएसएसएल३’ बसले होते, आणि आमची अट, जास्त वा बरोबर कसलीही असो, ज्याच्याविषयी होती तो इसमच हयात नव्हता. ते सावरते न सावरते तोच ‘लिबएसएसएल३टी६४’ असा नवा अवतार झाला. १९ जानेवारी २०३८ या दिवशी ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या संगणकांचे घड्याळ भरून वाहणार आहे, म्हणून कित्येक ग्रंथालयांची नावे आगाऊ बदलण्यात आली होती. आमचा सर्व्हर ६४ बिटांचा असल्याने त्याच्या आत काहीही बदलले नव्हते. केवळ नाव बदलले होते, आणि नव्या नावाने ‘प्रोव्हाइड्स’च्या ओळीत जुन्या नावाचा ‘उर्फ’ म्हणून उल्लेख केला असल्याने या खेपेस आमचे समन्स बजावले गेले. ज्या कचेरीत येत्या मंगळवारची बैठक कोणत्या खोलीत आहे हे मंगळवारीही ठरलेले नसते, तिथे बसून २०३८ च्या मंगळवारची तजवीज करणाऱ्यांविषयी आदराने माझा ऊर भरून आला.

आमच्या स्वतःच्या आवृत्तीचा आकडा ठरवणे हे त्याहून नाजूक प्रकरण, कारण त्यात विक्रीविभाग येतो. १.९ च्या पुढची आवृत्ती १.१० म्हणून मी मांडताच विक्रीविभागाच्या प्रमुखांनी हात वर केला.

“हे आपण मागे चाललो आहोत. एक पूर्णांक नऊ दशांश मोठे, की एक पूर्णांक एक दशांश?”

“ते दशांश चिन्ह नाही. नऊनंतर दहा, या हिशेबाने—”

“ग्राहक शाळेत गेलेला असतो,” ते म्हणाले. “थेट २.० करा. आणि त्याआधी चव म्हणून ‘२.०आरसी१’ देऊन टाका.”

आरसी म्हणजे प्रसिद्धीची उमेदवार आवृत्ती, ही गोष्ट मनुष्याला कळते. डीपीकेजीला, म्हणजे डेबियनच्या मूळ कारकुनाला, ती कळत नाही. त्याच्या दृष्टीने ‘२.०’ इथे मजकूर संपला आणि ‘२.०आरसी१’ मध्ये तो पुढे चालू राहिला, अर्थात ज्यात जास्त मजकूर तीच पुढची. यथावकाश पक्की २.० बाहेर पडली, आणि ज्या ग्राहकांनी उत्साहाने उमेदवार आवृत्ती घेतली होती त्यांना ॲप्टने अदबीने कळवले, की आपल्याकडे आहे तीच सर्वांत नवी आहे. उमेदवार निवडणूक हरूनही खुर्ची सोडीत नव्हता. यावरचा उतारा शास्त्रात आधीच सांगितलेला आहे : ‘२.०’ आणि ‘आरसी१’ यांच्यामध्ये ‘~’ हे नागमोडी चिन्ह घालावे, कारण ते क्रमवारीत सर्व अक्षरांच्या, सर्व अंकांच्या, एवढेच नव्हे तर रिकाम्या जागेच्याही अलीकडे धरले जाते. काहीच नसण्यापेक्षाही कमी असणे ही अवस्था आमच्या तत्त्वज्ञांना ध्यानधारणेनंतरही जेमतेम सुचली असती; ती इथे कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात पडून असते. परंतु हे चिन्ह आधी घालायचे असते, आणि विक्रीविभागाला ते छापील पत्रकात बरे दिसले नव्हते.

आता एकच उपाय उरला होता : एपॉक, म्हणजे नवे युग. आवृत्तीच्या आधी एक आकडा आणि अपूर्णविरामाचे चिन्ह लिहिले, की आधीच्या साऱ्या आवृत्त्या मागच्या युगातल्या ठरून कायमच्या खाली जातात. मात्र सुरू केलेले युग मागे घेता येत नाही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला, कंपनी आहे तोवर, तो आकडा मिरवावा लागतो. साहेबांनी एका सहीनिशी युगप्रवर्तन केले आणि ‘१:२.०’ अवतीर्ण झाली.

“एकच्या पुढचा हा विसर्ग कुठून आला?” विक्रीविभागाने विचारले.

युगाचा आकडा फायलीच्या नावात येत नाही, तो फक्त दफ्तरात राहतो. त्यामुळे पहिल्या आणि नव्या युगातील २.० या दोन फायली एकाच नावाने एकाच फोल्डरमध्ये नांदू पाहत होत्या, आणि एका पतसंस्थेला बराच काळ मागच्या युगातली फाईल जात राहिली, हे सांगून मी युगाचा विषय आटोपतो.

पॅकेज बसताना आणि उठताना काही विधी करावे लागतात. त्यांच्या चार संहिता असतात, आणि त्या रूट या कुलमुखत्याराच्या अधिकाराने चालतात. म्हणजे त्यांत लिहिलेले काहीही, कितीही मूर्खपणाचे असले, तरी निमूटपणे अमलात येते. प्रोग्रामरमहाशयांनी उठण्याच्या संहितेत, स्वच्छ मनाने, ‘सेवा बंद करावी’ असे लिहून दिले होते, कारण उठून जाताना दिवा मालवावा हा संस्कार त्यांच्या घरचा होता. डेबियनमध्ये जुनी आवृत्ती आधी आवरते आणि नवी नंतर मांडली जाते, म्हणून तिथे हा संस्कार शोभून दिसला. आरपीएमच्या राज्यात मात्र क्रम उलटा : नवी आवृत्ती आधी येते, आपली संहिता म्हणते, सेवा सुरू करते, आणि मग जुनी उठते व जाता जाता दिवा मालवते. आरपीएम संहितेच्या हाती एक आकडाही देत असतो, तो शून्य असेल तर खरेच जायचे आहे, एक असेल तर केवळ जागा बदलायची आहे. पण तो आकडा वाचावा लागतो. परिणामी प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर, सर्व काही यशस्वीपणे पार पडल्याचा संदेश पडद्यावर झळकत असतानाच, पतसंस्थेचा कारभार ठप्प होई.

“तुमचे अपग्रेड नेहमी यशस्वी होते,” तिथले व्यवस्थापक एकदा म्हणाले. “फक्त नंतर सॉफ्टवेअर चालत नाही.”

या सर्वांवर कळस म्हणजे कॉन्फिग फायलीचा प्रश्न. ग्राहकाने आपल्या सोयीप्रमाणे ती फाईल बदललेली असेल आणि नव्या पॅकेजातही ती बदललेली असेल, तर डीपीकेजी मध्येच थांबून विचारतो : नवी घेऊ, की तुमची राहू देऊ? उत्तरासाठी सहा अक्षरे देतो. वाय किंवा आय म्हणजे नवी. एन किंवा ओ म्हणजे जुनी. डी म्हणजे दोहोंतला फरक दाखवा. आणि झेड म्हणजे थांबा, मला स्वतःला पाहू द्या. इतक्या सौजन्याने विचारलेला प्रश्न मानवजातीने आजवर वाचलेला नाही.

“काहीतरी विचारत होते,” रात्री फोनवर आवाज आला. “मी एंटर मारले.”

एंटर मारले की जुनी फाईल राहते, त्यामुळे नव्या आवृत्तीला जे नवे मापदंड हवे असतात ते तिला मिळत नाहीत, आणि ती त्यांची वाट पाहत राहते. दुसऱ्या एका गृहस्थांनी, शेवटचे अक्षर तेच अंतिम उत्तर असणार अशा तर्काने, झेड दाबले. डीपीकेजीने त्यांना हवी ती पाहणी करता यावी म्हणून एक स्वतंत्र कक्ष उघडून दिला आणि तो दाराबाहेर हात बांधून उभा राहिला. “आता काही विचारत नाही, म्हणजे झाले असावे,” असे म्हणून गृहस्थ घरी गेले. आपल्या हातातले काम संपेपर्यंत डीपीकेजी दुसऱ्या कोणालाही दफ्तराला हात लावू देत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या सर्व्हरवर जे जे पॅकेज बसवायला घेतले, ते ते ‘कुलूप मिळत नाही’ म्हणून परत आले. आरपीएमचा स्वभाव याच्या नेमका उलट. सांगून ठेवलेले असले, तर तो प्रश्न विचारण्याच्या भरीला न पडता नवी फाईल ‘आरपीएमन्यू’ अशी शेपटी लावून शेजारी ठेवून निघून जातो. अशा फायली कित्येक सर्व्हरवर न फोडलेल्या टपालासारख्या वर्षानुवर्षे साचलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि एवढे करून पॅकेज सिद्ध झाले, तरी ते लिंटियन नामक परीक्षकासमोर न्यावे लागते. पॅकेज बसते की कोसळते याची त्याला फिकीर नाही. त्याला हवे असतात शिष्टाचार. फेरफारांच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदीखाली सहीची जी ओळ असते, तिच्या आरंभी एकच मोकळी जागा, मग दोन आडव्या रेघा, आणि पत्ता व तारीख यांच्यामध्ये बरोबर दोन जागा सोडाव्या लागतात. तारखेबरोबर लिहिलेला वार चुकला, तरी तो पंचांग पाहून पकडतो. गोषवाऱ्याच्या आरंभी इंग्रजी उपपद आले तर नाक मुरडतो. ‘या हुकुमाची माहितीपुस्तिका नाही’ असा शेरा तो आमच्या प्रत्येक आवृत्तीवर मारतो, आणि प्रोग्रामरमहाशय प्रत्येक वेळी म्हणतात, “हुकूम इतका सोपा आहे, त्याला पुस्तिका कशाला?” त्या हुकुमाला किती पर्याय आहेत, हे त्यांनाही तो चुकीचा लिहून येणारा संदेश वाचूनच आठवते.

परस्परांवर टेकलेल्या इतक्या अटी एकाच वेळी पुऱ्या होतात की नाही, हे शोधणे संगणकालाही तत्त्वतः अत्यंत कठीण असल्याचे विद्वानांनी गणिताने सिद्ध केले आहे. ॲप्टला ते जमले नाही म्हणजे तो आपली असमर्थता कबूल करतो खरा, पण त्याच वाक्यात ‘तुम्ही मोडकी पॅकेजे धरून ठेवली आहेत’ असा ठपकाही ठेवतो. ज्याने आयुष्यात काहीही धरून ठेवलेले नाही अशा माणसालाही ते वाचून क्षणभर अपराधी वाटते. त्याच ॲप्टला ‘मू’ असा हुकूम दिला, तर पडद्यावर अक्षरांची एक गाय उभी राहते आणि आज तुम्ही हंबरलात का, असे आस्थेने विचारते. रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसलो असताना माझी विचारपूस करणारी ती एकटीच.

हे सर्व कोठे तरी थांबावे असे वाटत असतानाच साहेब एका परिषदेहून परतले. त्यांच्या चेहऱ्यावर मुक्तीचे तेज होते.

“आता तुमची ही कटकट बंद,” ते म्हणाले. “कंटेनर! सगळे एका खोक्यात. डिपेन्डन्सी नाही, व्हर्जन नाही, डेब नाही, आरपीएम नाही. पूर्ण स्वावलंबी!”

२०१३ साली डॉकर अवतरल्यापासून ही द्वाही फिरते आहे, आणि तीत तथ्य नाही असे नाही. सॉफ्टवेअर आणि त्याचे सारे गणगोत एकाच पेटीत भरून पाठवले, म्हणजे ग्राहकाच्या घरी कोणाची सोय नाही याची चिंता उरत नाही. खोके बांधण्याचा मसुदा प्रोग्रामरमहाशयांनी उत्साहाने तयार केला आणि तपासणीसाठी माझ्याकडे धाडला. पहिल्या ओळीत लिहिले होते, की हे खोके डेबियनच्या पायावर उभारावे. दुसऱ्या ओळीत ॲप्टला हुकूम होता, की आमचे पॅकेज बसवावे; तेच, विसर्गासह. म्हणजे स्वावलंबनाच्या त्या खोक्यात मीच, माझ्या ‘फॉन्ट्स-देवा’पर्यंतच्या यादीसह, तळाशी बसलेलो होतो.

मी मसुदा साहेबांपुढे ठेवला आणि अदबीने विचारले, “पहिल्या ओळीत डेबियनची कोणती व्हर्जन लिहू?”

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. “‘लेटेस्ट’ लिहा,” ते म्हणाले. “म्हणजे पुन्हा विचारायला नको.”

त्याप्रमाणे लिहिले आहे. पुढचे खेळणे प्रसिद्ध झाले, की विचारायला येईनच.